थॅलॅमस : जाग, झोप आणि झिजणारा मेंदू



ज्या सरांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. त्यांच्या विषयाला साजेल आणि वैद्यकाबाहेरच्या माणसालाही ऐकावंसं वाटेल असं काही बोला, अशी आयोजकांची इच्छा होती. मी थॅलॅमस निवडला. मेंदूविषयी मराठीत आता पुष्कळ लिहिलं जातं. स्मरणशक्ती, भावना, व्यसन, किशोरवय, सगळ्यांवर लेख येतात. थॅलॅमसच्या वाट्याला त्यात एखादंच वाक्य येतं : ज्ञानेंद्रियांकडून आलेले संदेश पुढे पाठवणारं केंद्र. हे वाक्य खोटं नाही. पण ते इतकं अपुरं आहे की त्याच्यामुळे काही आजारांकडे पाहण्याची आपली नजरच बरीच वर्षं एका बाजूला राहिली, असं माझं मत आहे. मेंदूचा आजार म्हटला की आपण वरच्या सुरकुतलेल्या थराकडे बघतो, त्या थराला आपण कॉर्टेक्स म्हणतो. खाली, मधोमध काय बिघडलंय हे बघायला उशीर होतो.

जागा आधी सांगतो. मेंदूचे दोन अर्धगोल जिथे एकमेकांना भिडतात, तिथे खोलवर द्रवाने भरलेली एक अरुंद फट असते. त्या फटीच्या दोन्ही भिंतींना लागून करड्या रंगाचा एकेक अंडाकृती गोळा असतो. लांबी सुमारे ३ सेंटिमीटर. हे दोन गोळे म्हणजे थॅलॅमस. प्रत्येक गोळ्यात चेतापेशींचे अनेक पुंज असतात आणि त्या प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. डोळ्याकडून येणारं एका पुंजात येतं, कानाकडचं शेजारच्या, त्वचेकडचं तिसऱ्या. वास हा अपवाद. तो थॅलॅमसला न विचारता थेट कॉर्टेक्सच्या जुन्या भागात शिरतो. काही पुंजांचा ज्ञानेंद्रियांशी थेट संबंधच नाही. काही हालचालींसाठी लहान मेंदूशी आणि बेसल गँग्लिया या खोलवरच्या पुंजांशी बांधलेले आहेत, पुढच्या टोकाचे आठवणींच्या यंत्रणेशी, मधला कपाळामागच्या कॉर्टेक्सशी. मागच्या बाजूला पल्विनार नावाचा पुंज आहे. माणसात तो सगळ्यांत मोठा असतो आणि लक्ष देण्याच्या क्रियेत त्याचा वाटा आहे.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. कॉर्टेक्सकडे संदेश नेणाऱ्या या लक्षावधी पेशी एकमेकींशी जवळजवळ बोलतच नाहीत. कॉर्टेक्समध्ये शेजारच्या पेशींचे एकमेकींशी दाट जाळे असते. थॅलॅमसमध्ये तसं नाही. इथल्या पेशीला शेजारणीची खबर लागते ती वळसा घेऊन, कॉर्टेक्समार्गे किंवा थॅलॅमसच्या भोवती असलेल्या एका पातळ आवरणामार्गे. या आवरणाला जाळीदार पुंज म्हणतात. त्यातल्या पेशी गाबा हे रसायन सोडतात, म्हणजे त्यांचं काम दाबण्याचं. थॅलॅमसकडून वर जाणारा तंतू या आवरणातून जाताना त्याला एक फाटा देतो, वरून खाली येणाराही देतो. म्हणजे जाणारं-येणारं सगळं या पेशींच्या नजरेखालून जातं आणि कोणाला आवरायचं हे त्या ठरवू शकतात. डीएनएच्या रचनेसाठी प्रसिद्ध असलेले फ्रान्सिस क्रिक उत्तरायुष्यात मेंदूकडे वळले. १९८४ साली त्यांनी असा तर्क मांडला की लक्ष कुठे द्यायचं याचा झोत हाच पुंज फिरवत असावा. त्या तर्काचे तपशील पुढे बरेच बदलले, पण गाभा टिकून आहे.

आता संदेश पुढे पाठवण्याचं बघू. दृष्टिपटलाकडून येणारे तंतू थॅलॅमसच्या ज्या पुंजात येतात, तिथल्या एका पेशीवर किती जोडण्या आहेत आणि त्या कोणाच्या आहेत, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजलं गेलं. डोळ्याकडून आलेल्या जोडण्या निघाल्या जेमतेम ५ ते १० टक्के. बाकीच्या कॉर्टेक्सकडून उलट्या येणाऱ्या, मस्तिष्कस्तंभाकडून येणाऱ्या आणि स्थानिक दाबणाऱ्या पेशींच्या. मरे शर्मन आणि रे गिलरी या दोन शास्त्रज्ञांनी हा हिशेब समजावून सांगण्यात कित्येक वर्षं घालवली. संदेश घेऊन येणाऱ्या जोडण्या थोड्या पण जोरकस असतात, आणि तो संदेश कसा, केव्हा, किती जाऊ द्यायचा हे ठरवणाऱ्या जोडण्या संख्येने कितीतरी जास्त, असं त्यांचं म्हणणं. पाठ्यपुस्तकांत थॅलॅमसला टपाल कचेरी म्हणायची प्रथा होती. ज्या कचेरीत बाहेरून आलेली पत्रं मूठभर आणि कोणतं पत्र पोचवा, कोणतं थांबवा, कोणतं जोरात हाक मारून द्या अशा सूचनांचे गठ्ठे मात्र छताला लागलेले, तिला टपाल कचेरी म्हणण्यात काही अर्थ नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. थॅलॅमसच्या मोठ्या भागाकडे मुख्य संदेश बाहेरच्या जगातून येतच नाही, तो कॉर्टेक्सच्याच एका भागाकडून येतो आणि थॅलॅमसमार्गे कॉर्टेक्सच्या दुसऱ्या भागाकडे जातो. कॉर्टेक्सचे भाग आपापसात बोलतात तेव्हाही त्यांच्या मध्ये थॅलॅमस उभा असतो.

या पेशींची दुसरी खासियत त्यांच्या वीजस्वभावात आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला रोडोल्फो यिनास आणि हेन्रिक यान्सेन यांनी गिनी पिगच्या मेंदूचे पातळ काप जिवंत ठेवून त्यांतल्या एकेका थॅलॅमस-पेशीत सूक्ष्म काचनळी घातली. त्यांना दिसलं की एकच पेशी दोन वेगळ्या तऱ्हांनी चालते. पेशीचा अंतर्गत विद्युतदाब थोडा वरच्या पातळीवर असेल तर ती आलेल्या संदेशाच्या प्रमाणात एकेक ठोका देते : संदेश वाढला की ठोके वाढले, कमी झाला की कमी. हीच पेशी साधारण शंभर मिलिसेकंद दाबून ठेवली, तर तिच्या पटलातल्या टी-प्रकारच्या कॅल्शियम वाहिन्या सज्ज होतात. मग एवढासा धक्का लागला तरी त्या उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि पाच-सहा ठोक्यांची सर एकदम सुटते. त्यानंतर शांतता. पहिल्या तऱ्हेत पेशी बाहेरच्या जगाशी इमानदार असते. दुसरीत ती स्वतःच्या लयीत असते. जागेपणी मस्तिष्कस्तंभातून येणारी रसायनं पेशींना पहिल्या तऱ्हेत ठेवतात. आपण पेंगायला लागलो की ती ओसरतात आणि पेशी दुसरीकडे सरकतात. झोपेत हाक कानापर्यंत पोचते, कानातली यंत्रणा चालूच असते, तरी ती आपल्याला 'ऐकू' येत नाही, याचं एक मोठं कारण इथे आहे.

हे केवळ प्रयोगशाळेतलं कुतूहल राहिलं नाही. काही मुलांना दिवसातून अनेकदा काही सेकंद शून्यात पाहण्याचे झटके येतात. मूल पडत नाही, हातपाय झाडत नाही. बोलता बोलता थांबतं आणि पुन्हा जणू काही घडलंच नाही असं सुरू होतं. शाळेत याला लक्ष नसणं म्हणतात आणि मूल बोलणी खातं. मेंदूचा विद्युतआलेख काढला तर त्या क्षणी दर सेकंदाला ३ या लयीत टोकदार लाटा सगळ्या कॉर्टेक्सवर दिसतात. ही लय थॅलॅमस आणि कॉर्टेक्स मिळून घडवतात, त्या सरींच्या तऱ्हेत अडकलेल्या पेशींतून. इथोसक्सिमाइड हे औषध यावर आधीपासूनच चालत होतं. ते थॅलॅमस-पेशींतल्या याच टी-वाहिन्या मंदावतं, हे १९८९ साली स्टॅनफर्डमध्ये दाखवलं गेलं. श्रोत्यांत शिक्षक असतील तर त्यांनी हे मनावर घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. पुन:पुन्हा 'हरवणाऱ्या' मुलाला शिक्षा करण्याआधी त्याचा एक आलेख काढून घ्यायला पालकांना सांगा.

झोपेकडे परत येतो. हलक्या झोपेत विद्युतआलेखावर दर सेकंदाला ११ ते १६ अशा वेगाने लहान लाटांचे झुबके उमटतात. प्रत्येक झुबका सुरुवातीला बारीक, मध्ये रुंद, शेवटी पुन्हा बारीक. त्यांना स्पिंडल म्हणतात. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये काम करणारे मिर्चा स्टेरियाड यांनी दाखवलं की जाळीदार पुंजापासून थॅलॅमस तोडला की थॅलॅमसमधले स्पिंडल नाहीसे होतात. एकट्या पडलेल्या जाळीदार पुंजात मात्र ती लय चालू राहते. दिवसा शिकलेलं रात्री पक्कं होण्यात या झुबक्यांचा हात आहे, असं सांगणारे बरेच अभ्यास आज आपल्यापाशी आहेत.

आता ज्या घराण्याने थॅलॅमसविषयी वैद्यकाला सर्वाधिक शिकवलं, त्यांच्याकडे जाऊ. हे घराणं इटलीच्या ईशान्येचं, व्हेनिसच्या परिसरातलं. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या काही माणसं पन्नाशीच्या आसपास झोपेनाशी होत आणि काही महिन्यांत मरत. गावच्या डॉक्टरांनी त्याला कधी वेड, कधी मेंदूज्वर, कधी दारू म्हटलं. इग्नाझिओ रॉइटर नावाच्या डॉक्टरांचं लग्न या घराण्यातल्या मुलीशी झालं होतं. बायकोच्या नात्यातले लोक असे जाताना त्यांनी पाहिले, चर्चच्या नोंदवह्यांतून जुने मृत्यू शोधले, आणि १९८४ साली घराण्यातल्या त्रेपन्न वर्षांच्या एका आजारी माणसाला बोलोन्या विद्यापीठात एलिओ लुगारेसी यांच्याकडे नेलं. लुगारेसी झोपेच्या शास्त्रातले जाणते. त्यांनी त्या रुग्णाचे आलेख रात्रंदिवस नोंदले. स्पिंडल नाहीत, गाढ झोपेच्या संथ लाटा नाहीत. रुग्ण मध्येच गुंगीत जाई आणि त्या गुंगीत रोजच्या कामांसारख्या हातांच्या हालचाली करी, जणू स्वप्न अंगातून बाहेर पडत होतं. घाम, वाढलेला रक्तदाब, वाढलेलं तापमान, जोरात चाललेली नाडी. शरीर चोवीस तास जागरणाच्या ताणात. झोपेच्या औषधांनी आलेखावर खरी झोप उमटवता आली नाही. नऊ महिन्यांत तो गेला.

त्याच्या कुटुंबाने मेंदूच्या तपासणीला परवानगी दिली. आलेख इतका बिघडलेला की सगळा कॉर्टेक्स उद्ध्वस्त दिसेल अशी अपेक्षा ठेवावी. पण तसं नव्हतं. झीज थॅलॅमसच्या दोन पुंजांत जवळपास मर्यादित होती, पुढचा आणि मधला. तिथल्या बहुतेक चेतापेशी मेलेल्या आणि त्यांच्या जागी डागडुजी करणाऱ्या पेशींची गर्दी. १९८६ साली हा अहवाल प्रसिद्ध झाला आणि या आजाराला कौटुंबिक मारक निद्रानाश हे नाव मिळालं. १९९२ मध्ये कारण सापडलं : प्रायॉन या प्रथिनाच्या जनुकात १७८व्या जागी एका अमिनो आम्लाचा बदल. हे प्रथिन आपल्या सगळ्यांच्या मेंदूत असतं. बदललेलं प्रथिन वेडंवाकडं घडी घेतं आणि शेजारच्या निरोगी प्रथिनालाही तशीच घडी घ्यायला लावतं. त्याच वर्षी आणखी एक गोष्ट पुढे आली, ती मला आजही थक्क करते. १७८व्या जागी हाच बदल असताना त्याच जनुकाच्या प्रतीत १२९व्या जागी मेथिओनिन असेल तर थॅलॅमस झिजतो आणि झोप जाते. तिथे व्हॅलिन असेल तर होतो क्रॉइट्झफेल्ट-जेकब आजार : कॉर्टेक्स झिजतो आणि स्मृतिभ्रंश पुढे येतो. दोष तोच, जागा वेगळी, आणि माणूस हरवण्याची रीतही वेगळी. कोणती पेशी आधी बळी पडणार हे कशावर ठरतं? झिजणाऱ्या आजारांतला हा मध्यवर्ती प्रश्न आहे, आणि तो इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

सोनिया वल्लभ या अमेरिकन तरुणीच्या आईला हाच मारक निद्रानाश होता. ती २०१० मध्ये गेली. सोनियांनी चाचणी करून घेतली, बदल त्यांच्यातही निघाला. त्या वकील होत्या, पती एरिक मिनिकेल हे वाहतूक नियोजनाच्या क्षेत्रात. दोघांनी आपले व्यवसाय सोडले, जीवशास्त्र शिकायला घेतलं, आणि आज दोघं बोस्टनजवळ प्रायॉनवर प्रयोगशाळा चालवतात. त्यांचा आग्रह असा की वेडी घडी सरळ करण्याच्या नादी न लागता प्रथिनाचं मुळातलं प्रमाणच उतरवावं. त्या दिशेने जाणाऱ्या औषधाच्या मानवी चाचण्या सुरू झाल्या आहेत.

जाणीव आणि थॅलॅमस यांचं नातं एका वेगळ्या, दुःखद प्रकरणातून स्पष्ट झालं. १९७५ साली न्यू जर्सीतली कॅरेन अ‍ॅन क्विनलन ही एकवीस वर्षांची मुलगी श्वास थांबल्यामुळे बेशुद्ध झाली आणि पुन्हा शुद्धीवर आली नाही. तिचं कृत्रिम श्वासयंत्र काढावं का, यावरचा १९७६चा न्यायालयीन निर्णय जगभर गाजला. यंत्र काढल्यावरही ती स्वतः श्वास घेत राहिली आणि १९८५ मध्ये गेली. तिच्या मेंदूचा तपशीलवार अहवाल १९९४ साली आला. सगळ्यांचा अंदाज होता की नुकसान मुख्यतः कॉर्टेक्सचं असेल. निघालं उलट : सर्वाधिक हानी थॅलॅमसची होती. डोळे उघडत होते, झोप-जागेचं चक्र चालू होतं, पण जाणीव नव्हती. त्यानंतर २००७ मध्ये निकोलस शिफ आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षं अत्यल्प जाणिवेच्या अवस्थेत असलेल्या एका माणसाच्या थॅलॅमसच्या मध्यभागी दोन्हीकडे विद्युताग्रं बसवली. तो शब्द उच्चारू लागला, तोंडाने खाऊ लागला. हा एकाच रुग्णाचा अनुभव आहे, आणि आपल्या घरी कुणी बेशुद्ध पडून असेल त्याने यातून लगेच आशा बांधू नये. पण थॅलॅमस जाणिवेला जागं ठेवण्यात भाग घेतो, हे त्यातून नाकारता येत नाही.

कंपवाताकडे येतो, कारण या सभागृहात त्याच्याशी थेट संबंध असलेले लोक नक्की असणार. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये त्याचं वर्णन केलं. डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरतात, हे आता सर्वांना माहीत आहे. पण डोपामाइन कमी झाल्याने हालचाल का मंदावते? बेसल गँग्लियाचा शेवटचा आदेश थॅलॅमसकडे जातो, आणि तो दाबण्याचा असतो. डोपामाइन कमी पडलं की हा दाब वाढतो. थॅलॅमसचा हालचालींचा पुंज गप्प बसतो आणि कॉर्टेक्सला पुढे ढकलणारा जोर मिळत नाही. हा आराखडा १९९० च्या सुमारास मांडला गेला. तो पूर्ण नाही, कंपनाचं स्पष्टीकरण तो नीट देत नाही. तरी उपचारांची दिशा त्यातून बरीच समजते.

शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र त्या आराखड्याच्या आधीचा. १९५२ मध्ये न्यूयॉर्कला अर्व्हिंग कूपर एका रुग्णावर दुसरीच शस्त्रक्रिया करत असताना एक रोहिणी फाटली. रक्त थांबवण्यासाठी तिला बांधावं लागलं आणि त्यांनी शस्त्रक्रिया तिथेच थांबवली. रुग्ण शुद्धीवर आला तेव्हा त्याच्या हाताचं कंपन आणि ताठरपणा नाहीसा झाला होता, ताकद शाबूत होती. त्यानंतर बेसल गँग्लियात आणि मग थॅलॅमसमध्ये ठरवून छोटी जखम करण्याच्या शस्त्रक्रिया जगभर झाल्या. आपल्याकडे मद्रासला डॉ. बी. राममूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या केल्या. मग डोपामाइनची उणीव भरून काढणारं लेव्होडोपा हे औषध आलं आणि शस्त्रक्रिया मागे पडल्या. इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आपल्या रानात, कुंपणावर वाढणारी खाजकुहिली तुम्हाला माहीत आहे, तिची लव अंगाला लागली की जीव नकोसा होतो. तिच्या बियांत लेव्होडोपा असतं, आणि ते १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी वेगळं करून दाखवलं होतं. कंपवातात ते कामाला येईल हे त्यांना कळण्याचं तेव्हा काही कारण नव्हतं. मात्र म्हणून घरच्या घरी बिया कुटून खाऊ नका. मात्रा हुकली तर हाल होतात.

१९८७ साली फ्रान्समध्ये ग्रनोब्लला आलीम-लुई बेनाबिद थॅलॅमसमध्ये जखम करण्याआधी नेमकी जागा चाचपण्यासाठी विद्युतप्रवाह देत होते. प्रवाहाचा वेग सेकंदाला शंभराच्या आसपास नेला की कंपन थांबतं, आणि प्रवाह बंद केला की परत येतं, हे त्यांच्या लक्षात आलं. मग जखम करायचीच कशाला? विद्युताग्र तिथेच ठेवलं, कातडीखाली बॅटरी बसवली. आज मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते. रुग्णाला बरेचदा जागं ठेवलं जातं आणि त्याला कागदावर गुंडाळीसारखी रेघ काढायला सांगतात. प्रवाह सुरू होतो आणि तीच थरथरणारी रेघ स्थिर होते. कंपवाताच्या बहुतेक रुग्णांत आता थॅलॅमसऐवजी त्याच्या खालचा एक छोटा पुंज निवडतात, पण नुसत्या कंपनाच्या आजारात थॅलॅमसच अजून लक्ष्य असतो.

इथवर थॅलॅमस दुसऱ्याच्या दाबाखाली गप्प झालेला दिसला. पण कंपवातात तो स्वतःही मरतो. ऑस्ट्रेलियातल्या हेंडरसन, हॅलिडे आणि सहकाऱ्यांनी २००० साली कंपवाताने गेलेल्यांच्या मेंदूत थॅलॅमसच्या मधल्या एका पुंजातल्या पेशी मोजल्या. ३० ते ४० टक्के पेशी गायब होत्या. हा पुंज अनपेक्षित घटनेकडे लक्ष वळवण्याशी आणि बेसल गँग्लियाला खबर देण्याशी संबंधित आहे. हंटिंग्टनच्या आजारातही तो झिजतो. गोळी घेऊन हात सैल झाला तरी 'बाबा पूर्वीसारखे चटकन प्रतिसाद देत नाहीत' असं घरचे सांगतात तेव्हा मला हे आकडे आठवतात. त्या तक्रारीचं सगळं खापर उदासीनतेवर किंवा वयावर फोडू नये.

अल्झायमरमध्ये थॅलॅमस आणखी मागे ढकलला गेला आहे. आठवणींशी जोडलेल्या हिप्पोकॅम्पसचं नाव आता घराघरांत पोचलं आहे. पण जर्मनीतले हाइको आणि एव्हा ब्राक यांनी १९९१ मध्येच दाखवलं होतं की या आजारात पेशींत तयार होणारे प्रथिनांचे गुंते थॅलॅमसच्या पुढच्या भागातल्या एका छोट्या पुंजात लवकर आणि दाटपणे साचतात. हिप्पोकॅम्पस आणि हा भाग एकाच वर्तुळाचे दोन टप्पे आहेत; आठवण या वर्तुळातून फिरते. थायमिनच्या अभावातून, बहुधा दारूमागून येणाऱ्या कोर्साकोफच्या आजारातही हाच पुढचा भाग जातो, आणि तिथे हिप्पोकॅम्पस बराच शाबूत असताना माणूस नवं काही लक्षात ठेवू शकत नाही. उंदरांच्या त्याच पुंजात अशा पेशी सापडल्या आहेत की डोकं एका ठरावीक दिशेला वळलं की त्या ठोके देतात. प्राण्याची दिशेची जाणीव त्यांच्यावर उभी असते. वर्षानुवर्षं ज्या गल्लीत राहिले तिथेच वृद्ध माणूस चुकतो, आणि ते आठवण जाण्याच्याही आधी घडू शकतं. त्यामागे या पेशी असाव्यात का, यावर काम चालू आहे, आणि मला तो प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. झोपेचे स्पिंडलही या आजारात कमी होतात. म्हणून माझ्याकडे विसराळूपणाची तक्रार घेऊन येणाऱ्याला मी झोपेविषयी आणि रस्त्याविषयी आधी विचारतो, नाव-गावाच्या परीक्षेकडे मग वळतो.

महाराष्ट्राशी याचा एक थेट धागा आहे. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चेताविज्ञानाचा विभाग उभा करणारे डॉ. नोशिर वाडिया यांनी १९७१ साली स्वामी यांच्यासह नऊ कुटुंबांचं वर्णन प्रसिद्ध केलं. तोल जाणारा, वंशपरंपरेने येणारा आजार; आणि त्यात डोळ्यांची एका वस्तूवरून दुसरीवर जाण्याची झेप अतिशय संथ झालेली. ही खूण त्यांनी नुसत्या निरीक्षणातून पकडली. पुढे जनुक सापडलं आणि या आजाराला एससीए-२ हे नाव मिळालं. त्याला लहान मेंदूचा आजार समजत. मृत रुग्णांच्या मेंदूंच्या नंतरच्या अभ्यासांत थॅलॅमसची झीजही उघड झाली.

जपानी मेंदूज्वर हा झिजण्याचा आजार नव्हे, पण थॅलॅमसवर बोलताना भारतातल्या डॉक्टराने तो सोडून चालत नाही. डासांतून येणारा हा विषाणू दोन्ही थॅलॅमसवर विशेष आघात करतो. एमआरआयवर दोन्हीकडचे उजळ ठिपके ही त्याची ठळक खूण. वाचलेली मुलं कधी कंपवातासारखी ताठरतात, कधी हातपाय पिळवटतात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने कर्नाटकातल्या कोलारमध्ये वेगळ्या केलेल्या विषाणूपासून भारतीय लस तयार झाली. ती लागू असलेल्या जिल्ह्यांत पालकांनी मुलांची ती चुकवू नये.

आता मला एक मागणं मांडायचं आहे. आज सांगितलेल्या अनेक गोष्टींमागे एकेक मेंदू आहे, जो कुणाच्या तरी घरच्यांनी मृत्यूनंतर तपासायला दिला. बोलोन्यातला रुग्ण, कॅरेन क्विनलन, ऑस्ट्रेलियातले कंपवाताचे रुग्ण. जिवंतपणीच्या चित्रणात थॅलॅमसचा एकेक पुंज अजून नीट वेगळा दिसत नाही. पेशी तर मोजताच येत नाहीत. त्या सूक्ष्मदर्शकाखालीच मोजाव्या लागतात. महाराष्ट्रात नेत्रदान आणि देहदान ही चळवळ झाली आहे, याचा मला अभिमान आहे. पण विच्छेदनासाठी दिलेल्या देहावर रसायनांची प्रक्रिया होते, आणि पुष्कळशा संशोधनाला लागणारा मेंदू त्यातून मिळत नाही. तो मृत्यूनंतर काही तासांत काढून थंड साठवावा लागतो. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये १९९५ पासून मेंदूपेढी आहे, डॉ. एस. के. शंकर यांनी ती उभी केली. महाराष्ट्रातल्या मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयांत अशी सोय का नसावी, हा प्रश्न मी या व्यासपीठावरून विद्यापीठांना आणि शासनाला विचारतो.

आणि ज्या घरांत कंपवात, स्मृतिभ्रंश किंवा वाडियांनी वर्णिलेला आजार आहे, त्या घरांना सांगतो : हा विषय रुग्ण स्वतः बोलू शकतो तोवर काढा, कारण संमती त्याची असायला हवी. त्याची वर्षानुवर्षांची कागदपत्रं फेकू नका. मेंदूसोबत ती नसतील तर पेशींची झीज कोणत्या लक्षणाशी जोडायची हे कुणाला कळणार नाही. निरोगी राहून वार्धक्याने गेलेल्या माणसांचे मेंदूही तितकेच लागतात, आणि ते मिळणं सर्वांत कठीण असतं. एखाद्या पुंजातल्या ४० टक्के पेशी गेल्या असं म्हणायचं, तर त्याच वयाच्या निरोगी माणसात त्या किती होत्या हे आधी कुणीतरी मोजलेलं असावं लागतं.